पाच नावांचा काळा कुत्रा: नौपाड्यातल्या एका पोर्ट्रेटचं प्रकरण

पाळीव प्राण्यांची पोर्ट्रेट करणाऱ्यांकडे येणारं काम बहुधा एका घराचं असतं. एक कुत्रा किंवा एक मांजर, त्याच्यावर जीव टाकणारी दोन-चार माणसं आणि मोबाइलमधले ढीगभर फोटो. इथे मांडते आहे ते प्रकरण वेगळं होतं. काम सांगायला आली होती ठाण्याच्या नौपाड्यातली एक अख्खी सोसायटी. जुनी इमारत, लिफ्ट नाही, पुनर्विकासाला निघालेली. चित्र हवं होतं तिथल्या जिन्यात आयुष्य काढलेल्या एका काळ्या देशी कुत्र्याचं. तो गेल्या पावसाळ्यात म्हातारपणाने गेला होता. आता घरं रिकामी करायची वेळ आली होती. कोणी भाड्याने वर्तकनगरला जाणार, कोणी कळव्याला, कोणी थेट कासारवडवलीला. पांगापांग होण्याआधी त्याचं चित्र काढून घ्यावं आणि नवी इमारत उभी राहिली की लॉबीत लावावं, असं त्यांच्यात ठरलं होतं.

प्रकरण सविस्तर लिहिते आहे ते अशी कामं घेणाऱ्या तरुण चित्रकारांसाठी. केसांचा पोत कसा काढायचा हे शिकवणारे पुष्कळ आहेत. चित्र हुबेहूब त्याच प्राण्याचं वाटतं ते कशामुळे, आणि एका प्राण्यावर दहा घरांचा हक्क असेल तेव्हा ‘हा तोच’ असं म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न मात्र काम अंगावर आल्याशिवाय पडत नाहीत.

पहिली बैठक गच्चीवर झाली. कुत्रा कसा हवा यावर प्रत्येकाचं मत होतं. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला तो कॅमेऱ्याकडे बघणारा, जीभ बाहेर काढलेला हवा होता. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना पिल्लू असतानाचा. एका गृहस्थांचं म्हणणं, शेपूट वर, छाती काढून उभा असलेला, म्हणजे रुबाबदार दिसेल. एवढंच कशाला, त्याचं नावही एक नव्हतं. कोणासाठी तो शेरू, कोणाचा काळू, कोणाचा टायगर, कोणाचा राजा. आणि वॉचमन मामा त्याला भाऊ म्हणायचे. पाचही नावांना तो उभा राहायचा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

मी एकच गोष्ट अडून मागितली: शेवटचा शब्द एकाच माणसाचा. सेक्रेटरी काकूंनी ती जबाबदारी घेतली. काकूंचीही एक अट होती, सोसायटीच्या खात्यातून रुपयाही घ्यायचा नाही, वर्गणी काढायची. काही घरांना ही कल्पनाच पटलेली नव्हती, आणि त्यांचे पैसे त्यात जावेत हे काकूंना रास्त वाटत नव्हतं. त्या अटीमुळे पुढची बरीच कटकट टळली, असं माझं ठाम मत आहे. माझ्या बाजूने मी अर्धी रक्कम आगाऊ घेतली आणि लिहून दिलं की चित्र दोनदाच दाखवीन. पहिल्यांदा रेखाटन झाल्यावर, तेव्हा काहीही बदलता येईल. दुसऱ्यांदा रंग झाल्यावर, तेव्हा फक्त बारीकसारीक.

फोटोंचा पेच

फोटो मागवताना मी नेहमी सांगते की व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ॲप तो दाबून लहान करतं आणि डोळ्यांभोवतीचं सगळं बारीक काम पुसून जातं. लोकांनी तसं केलंही. तरी फोटो फार कामाचे नव्हते, आणि त्यात दोष कोणाचाच नव्हता.

काळा कुत्रा फोनच्या कॅमेऱ्याला अवघड जातो. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याचा उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम ठेवायला बघतो. मागे उन्हातलं फाटक आणि पुढे काळा कुत्रा असला की फाटक छान येतं आणि कुत्र्याचा नुसता आकार उरतो. नाक कुठे संपलं, ओठ कुठे सुरू झाला, काही कळत नाही. नंतर फोटो उजळवला तर काळ्याच्या जागी करड्या दाण्यांची खर येते. त्यातून बहुतेक फोटो अगदी जवळून आणि उभ्याने काढलेले. फोनची लेन्स रुंद कोनाची असल्याने हातभर अंतरावरून नाक फुगतं, कान आक्रसतात, आणि वरून काढल्यामुळे डोकं मोठं नि पाय आखूड होतात. असा फोटो बघून काढलेलं चित्र फोटोसारखं होतं, कुत्र्यासारखं होत नाही. फोटो नवा काढणं शक्य असेल तर मी घरच्यांना जमिनीवर बसायला लावते, दोन-तीन मीटर लांबून झूम करायला सांगते, प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशचा उजेड कुत्र्याच्या डोळ्यातल्या पडद्यामागच्या चकचकीत थरावरून परत फिरतो आणि डोळा हिरवा पेटलेला दिसतो. मूळ रंग हाती लागत नाही. इथे नवा फोटो काढायला कुत्राच नव्हता.

मग निघाला कानाचा वाद.

याच्या एका कानाच्या टोकाला खाच होती. देशी कुत्र्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ती खूण ओळखीची असते. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम आधी २००१ मध्ये आले, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे आले. दोन्हींचा गाभा तोच आहे: रस्त्यावरचा कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलला तिथेच परत आणून सोडायचा. शस्त्रक्रिया झालेला कुत्रा लांबून ओळखू यावा म्हणून भूल असतानाच कानाला खाच पाडतात. हाही तसाच गाडीतून गेला होता आणि तसाच परत जिन्यात आला होता. त्या दिवशी काकूंनी त्याच्यासाठी दूधभात केला होता, हे त्यांना अजून आठवतं.

प्रश्न असा की खाच कुठल्या कानाला? कॉलेजातला मुलगा शपथेवर सांगत होता, उजव्या. त्याच्याकडे पुरावाही होता, कुत्र्याला मिठी मारून काढलेल्या चांगल्या डझनभर सेल्फी, सगळ्यांत खाच उजव्या कानाला. काकू म्हणत होत्या डाव्या, कारण त्याच्या डोक्यावर हात फिरवताना ती त्यांच्या बोटाला कुठे लागायची हे त्यांना ठाऊक होतं. मी एक सेल्फी मोठी करून पाहिली. मागे भिंतीवर ‘पाणी जपून वापरा’ असं रंगवलेलं होतं आणि ती अक्षरं उलटी होती. पुष्कळ फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशात दिसतो तसाच साठवला जातो. कान डावाच होता.

बारीक गोष्ट वाटेल, पण नाही. चेहरा कुठल्याच प्राण्याच्या दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. याच्या छातीवरचा पांढरा ठिपका एका बाजूला कललेला होता, आणि एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर. सरळ आणि उलटे फोटो सरमिसळ वापरले असते तर दोन वेगळ्या कुत्र्यांचे अर्धे-अर्धे चेहरे जोडले गेले असते, आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नसतं, फक्त ‘हा तो नाही’ एवढंच वाटलं असतं. म्हणून मी खाच बघून सगळे फोटो दोन गठ्ठ्यांत वेगळे केले आणि उलट्या गठ्ठ्याला आधी सुलटा करून घेतला. तोवर पेन्सिलला हात लावला नाही.

मुलाने मग वेगळी विनंती केली. “ताई, कान अख्खाच काढा ना. चित्रात तरी त्याला नीट करा.” त्याच्या मनातलं मला समजत होतं. तरीही मी नको म्हटलं, आणि त्याला उस्ताद मन्सूरबद्दल सांगितलं. जहांगीर बादशहाच्या दरबारात हा चित्रकार होता, आणि पशुपक्ष्यांच्या चित्रांतलं त्याचं कसब बघून बादशहाने त्याला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब दिला होता. १६२१ मध्ये दरबारात एक झेब्रा नजराणा म्हणून आला. इथे कोणी तसलं जनावर पाहिलेलं नव्हतं, पट्टे रंगवलेले तर नाहीत ना अशीही शंका आली. मन्सूरने तो झेब्रा काढला तो तोंडावरच्या म्होरकीसकट. जातीचा नमुना म्हणून काढायचा असता तर म्होरकी गाळता आली असती. त्याने समोर बांधलेलं ते एक जनावर काढलं. आपल्या कुत्र्याची खाच ही त्याच्या आयुष्यात घडलेली गोष्ट आहे, ती पुसली तर ठाण्यातला कुठलाही काळा कुत्रा उरेल, असं मी म्हटलं. काकूंनी मान डोलावली आणि कानाचा विषय संपला.

दारोदार एक प्रश्न

फोटो थकले की मी माणसांकडे वळते. ‘तो कसा होता?’ असं विचारू नये, हा माझा जुना अनुभव आहे. उत्तर येतं, ‘खूप गोड होता’, आणि त्यावरून काहीच काढता येत नाही. मी प्रत्येक घरात जाऊन एवढंच विचारलं: तो तुमच्या दाराशी आला की काय करायचा?

पहिल्या मजल्यावर तो भुंकायचा नाही, सेफ्टी डोअरच्या खालच्या जाळीला नाक लावून नुसता बसायचा. वहिनींनी मला ती जाळी दाखवली. कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर रंग उडालेला होता, रुपयाच्या नाण्याएवढा. मी वाकून त्याचं माप घेतलं, जमिनीपासून किती वर ते. त्यावरून बसलेल्या कुत्र्याची उंची कळली, जी एकाही फोटोतून धड कळत नव्हती. वरच्या मजल्यावरचे लोक म्हणाले, पोळी तोंडात घेऊन तो कधी तिथे खायचा नाही, अर्ध्या जिन्यावरच्या चौकात नेऊन खायचा. वॉचमन मामांचं उत्तर सगळ्यात नेमकं होतं. “फाटक वाजलं की आधी कान यायचा, मग मान, आणि माणूस ओळखीचा असला तर बाकीचा उठायचाच नाही.” हे ऐकलं आणि चित्र मला दिसायला लागलं.

सगळ्यात उपयोगी पडले ते तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांचा त्या कुत्र्याला जिन्यात ठेवायला वर्षानुवर्षं विरोध होता. त्यांनी सोसायटीला त्याबद्दल पत्रं लिहिली होती, आणि प्रत्येक पत्राला पुरावा म्हणून फोटो जोडलेले होते, तारखेसकट. मी बेल वाजवली तेव्हा ते दार उघडून शांतपणे म्हणाले, “माझ्याकडे आहेत, पण ते तक्रारीचे आहेत. चालतील?”

फाइल उघडली आणि मला काय मिळालंय ते कळलं. कुत्रा मुद्दाम बसवलेला नव्हता, त्याचं लक्ष नव्हतं, कोणी त्याला बिस्किट दाखवत नव्हतं. आजोबांना त्याच्या जवळ जायचं नसे, म्हणून फोटो लांबून काढलेले, त्यामुळे अंगाची प्रमाणं बिघडलेली नव्हती. ते खालून जिना चढत येत असताना काढत, म्हणून कॅमेरा जवळपास कुत्र्याच्याच उंचीवर. आणि वर्षानुवर्षांचे, एकाच जागेचे. प्रत्येक फोटोत तो तसाच: अर्ध्या जिन्यावरच्या चौकात, उजवी कूस भिंतीला टेकलेली, डावा पुढचा पाय खालच्या पायरीवर सोडलेला, नजर फाटकाकडे. मामा जे बोलून सांगत होते ते इथे कागदावर होतं.

आजोबांनी एक गोष्ट मला आवर्जून सांगितली. त्यांचा गुडघा दुखतो, अंधारात काळा कुत्रा दिसत नसे, दोनदा पाय अडखळला होता. राग त्याच्यावर नव्हता, त्याच्या जागेवर होता. ते तक्रारदार म्हणून ओळखले जात होते, पण त्या कुत्र्याला इतक्या वर्षं इतक्या सातत्याने दुसऱ्या कोणीच पाहिलेलं नव्हतं. मी काकूंना सांगून वर्गणीच्या यादीबाहेर त्यांचं वेगळं आभाराचं पत्र करून घेतलं.

हात कुठे तयार झाला

चांगले फोटो मिळाले तरी काळ्या केसांखाली हाड कुठे आहे, स्नायू कुठे वळतो, हे फोटो सांगत नाही. तिथे आधीची साठवण लागते. मी शाळेत असल्यापासून जनावरं काढते आहे. घराजवळच्या तबेल्यात म्हशींसमोर बसून रवंथ करताना जबडा कसा आडवा फिरतो ते वहीत उतरवायचे, आणि आईला वाटायचं मी शिकवणीला गेले आहे. जे.जे.ला असताना सुट्टीत भायखळ्याच्या राणीबागेत बसायचे. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज याने घोड्याचं अंग समजून घेण्यासाठी लिंकनशायरमधल्या एका शेतघरात सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांचं विच्छेदन केलं आणि १७६६ मध्ये त्या आकृत्या छापून काढल्या. त्याच्या घोड्यांपुढे मी आजही थक्क होते, पण माझ्याने ते झालं नसतं. मी जिवंत प्राण्यांपुढे बसून शिकले, त्यांच्या मर्जीने, ते उठून गेले की चित्र अर्धं सोडून.

या कामासाठीही मी भल्या सकाळी तलावपाळीला आणि उपवनला जाऊन बसले. तिथल्या काळ्या देशी कुत्र्यांची नुसती खांद्याची, मानेची रेखाटनं केली. देशी कुत्र्याची बांधणी वेगळी असते. छाती खोल, पोट आत ओढलेलं, डोकं पाचरीसारखं निमुळतं. परदेशी जातींची चित्रं बघून हात बसलेला असला की नकळत जबडा जड होतो आणि कुत्रा लॅब्राडॉरचा चुलतभाऊ दिसायला लागतो. दुसरं म्हणजे रंग. काळा कुत्रा कधीच नुसता काळा नसतो. पाठीवर मोकळं आभाळ पडलं की तिथली चमक निळसर, खालून फरशीचा उजेड आला की पोटाकडे उबदार. आणि वर्षानुवर्षं उन्हात झोपणाऱ्या कुत्र्याच्या मांडीवरचे, शेपटीवरचे केस तांबूस पडतात. आजोबांच्या फोटोत तो तांबूसपणा स्पष्ट होता.

चित्र

कागद मी आधीच बाद केला होता. लॉबीत चार महिने ठाण्याचा पाऊस आत येणार, काचेमागच्या कागदाला बुरशी धरणार. म्हणून कॅनव्हासवर तैलरंग, २४ बाय ३० इंच. ट्यूबमधला काळा वापरलाच नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा केला, निळा वाढवला की गार, अंबर वाढवला की उबदार. यात एक व्यवहारी फायदाही आहे. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्याने ही क्रिया लवकर होते. आयव्हरी ब्लॅक मात्र फार रेंगाळतो, आणि दमट हवेत काम करताना ते परवडत नाही.

जागा तीच घेतली, जिन्यातला चौक. जुन्या इमारतींच्या जिन्याला असते तशी सिमेंटची जाळी तिथे होती आणि दुपारी तिच्यातून उन्हाचे चौकोन खाली पडत. आठ-नऊ चौकोन त्याच्या पाठीवर पडलेले दाखवले. त्या चौकोनांनी मला पाठीचा सगळा उतार विनासायास दिला, कारण सरळ चौकोन अंगाच्या वळणावर वाकतो, आणि तो कसा वाकला यावरून खालचा खांदा, फासळ्या, कंबर सगळं वाचता येतं. केस एकेक काढायची गरज फक्त मानेवर आणि कानाच्या कडेला लागली.

रेखाटन दाखवलं तेव्हा मुख्य आक्षेप अपेक्षित होता तोच, तो आमच्याकडे का बघत नाही? मी आजोबांचे फोटो ओळीने मांडले आणि विचारलं, तो कधी बघत होता? वहिनींनीच उत्तर दिलं की तो आमच्याकडे बघायचा ते पोळी हातात असली तर. मुलगा गप्प बसला, पण त्याला पटलं नव्हतं. काकूंनी फाटकाकडची नजर कायम केली.

वय ठरवणं जास्त कठीण गेलं. तोंडाभोवती पिकलेला, डोळ्यात म्हातारपणाची निळसर झाक आलेला कुत्रा वॉचमन मामांना जवळचा, कारण शेवटच्या दिवसांत रात्री तो त्यांच्याच खुर्चीखाली असायचा. बाकीच्यांना तो दुखत होता. मी मधलं वय धरलं, हनुवटीवर नुकते पांढरे केस आलेत, डोळा अजून स्वच्छ तपकिरी. रंग झाल्यावर दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा वहिनींना तेवढा पांढराही जास्त वाटला. काकूंच्या सांगण्यावरून मी तो ओठाच्या वरून थोडा कमी केला. हनुवटीचा ठेवला. मामांकडे बघून ठेवला, हे इथे लिहून टाकते.

नावाचा पेच काकूंनी सोडवला. पुढच्या बाजूला एकही नाव नको. कॅनव्हासच्या मागच्या लाकडी चौकटीवर ज्याने त्याने आपापलं नाव आपल्या हाताने लिहायचं. पाच नावं झाली, पाच अक्षरांत. मी मागे फक्त सही, साल आणि रंगांची यादी लिहिली, म्हणजे पुढे कधी दुरुस्ती लागली तर करणाऱ्याला अंदाज येईल.

आता इमारत पडली आहे. चित्र काकूंच्या वर्तकनगरच्या भाड्याच्या घरी आहे, बाहेरच्या भिंतीपासून लांब, हवा खेळेल अशा जागी. वार्निश अजून व्हायचंय. तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आतपर्यंत वाळायला सहा महिने ते वर्ष जातं, आणि आधीच वार्निश मारलं तर पुढे तडे जाण्याची भीती असते. पावसाळा सरला की मी जाऊन करणार आहे. लॉबीबद्दल मी काकूंना एका कागदावर लिहून दिलं आहे: थेट ऊन येणारी भिंत नको, पाण्याचा पाइप गेलेली भिंत नको, आणि बघणाऱ्याच्या डाव्या हाताला मुख्य दार येईल अशीच भिंत निवडा, कारण चित्रात त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे आणि तो डावीकडे बघतो आहे. उलट्या भिंतीवर लावलं तर तो फाटकाकडे पाठ करून बसेल. बिल्डरच्या आर्किटेक्टने तशी भिंत नकाशात दाखवली आहे, तिथे सध्या पत्रपेट्या आहेत. त्या हलवण्याचा अर्ज सोसायटीने दिला आहे, आणि त्यावर पहिली सही तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची आहे.